कारणाचा रकाना

अक्षरबाईंना डच भाषेतले एकशे बेचाळीस शब्द येत होते, आणि त्यातला एकही रोजच्या जगण्यात उपयोगी पडेल असा नव्हता. पाणी मागता येत नव्हतं, रस्ता विचारता येत नव्हता, ‘कसं काय, बरं आहे ना’ एवढंही म्हणता येत नव्हतं. पण गणित म्हणा, खगोलशास्त्र म्हणा, दंतवैद्यक, पशुवैद्यक, कायदा, तत्त्वज्ञान, कोणतीही विद्याशाखा म्हणा, तिचं डच नाव बाई झोपेतून उठवलं तरी सांगत. त्यांचा नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, “हिला त्या देशात नेऊन सोडलं ना, तर तहानेनं मरेल. पण मरताना ‘जलस्थापत्यशास्त्र’ म्हणून मरेल.” बाई लगेच तो शब्द ऐकवत, वातरबाउकुंडे, आणि वर सांगत की बॉबिनपलीकडे ज्याची अक्कल गेली नाही त्यानं विद्येच्या गोष्टीत तोंड घालू नये.

त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चोविसाव्या वर्षी त्या पुस्तकांची कार्डं लिहायला लागल्या त्या अक्षराच्या जोरावर. कार्ड म्हणजे हाताच्या तळव्याएवढा जाड कागद. त्यावर पुस्तकाचं नाव, लेखक, विषय आणि पुस्तक कोणत्या कपाटात आहे तो आकडा. बाईंचं अक्षर असं की छापखान्यातल्या माणसानं पाहिलं तर त्यालाही आपल्या धंद्याची लाज वाटावी. पुढे शिकायचं त्यांच्या मनात होतं, पण घरात पाठची चार भावंडं होती. मग विद्यापीठात जायचं स्वप्न असं पुरं झालं की रोज साडेनऊला जायचं आणि दुसऱ्यांच्या विद्येची कार्डं लिहायची.

एकोणीस वर्षांपूर्वी ग्रंथालयात एकेचाळीस खोकी आली. खगोलशास्त्राचे एक डच प्राध्यापक तरुणपणी इथे दोन वर्षं शिकवून गेले होते. ते वारले आणि जाताना आपली सगळी पुस्तकं या ग्रंथालयाच्या नावानं करून गेले. माणूस हावरा वाचक असावा. ताऱ्यांपासून दातांपर्यंत एकही विषय त्यानं सोडला नव्हता. आता पंचाईत अशी की डच कोणालाच येत नव्हतं. तेव्हाचे ग्रंथपाल अक्षरबाईंना म्हणाले, बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच बघा. अक्षर चांगलं असलं की भाषा येते, असा त्यांचा काही समज असावा.

बाईंनी बघितलं. ग्रंथालयात एक जुना डच शब्दकोश होता, त्याची शेवटची पानं कोणीतरी कधीतरी फाडून नेली होती. रोमन अक्षरांतल्या ‘व्ही’पाशी कोश संपायचा. तेवढ्यावर बाईंनी सुरुवात केली. महिन्याभरात त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे जसं विषयाच्या नावाला शेवटी ‘शास्त्र’ लागतं, तसं यांच्याकडे ‘कुंडे’ लागतं. स्टेरेन म्हणजे तारे, म्हणून स्टेरेनकुंडे. टाल म्हणजे भाषा, म्हणून टालकुंडे. शिपाई म्हणाला, ही सगळी कुंडे मंडळी एकाच घरातली दिसतात, यांच्यात भांडणं मिटवत कोण असेल? बाई हसल्या नाहीत. त्यांना या लोकांचं फार बरं वाटलं होतं, की यांनी नावं अवघड केली नाहीत. माणूस बरा करण्याची विद्या ती गेनेसकुंडे, पदार्थ वेगळे करण्याची ती शेइकुंडे, जे नक्की आहे त्याची ती विस्कुंडे. विद्या जे करते, तेच तिचं नाव.

कोशात नसलेले शब्द त्यांनी पुस्तकं उघडून काढले. आत आकृत्या आणि समीकरणं, तर गणित. बांध, दरवाजे, कालवे, तर नवऱ्याच्या चेष्टेतलं ते जलस्थापत्य. ना आकृती, ना आकडा, अर्ध्या पानाचं एकेक वाक्य आणि मध्येच एखाद्या दाढीवाल्याचं चित्र, तर तत्त्वज्ञान. असं करत दोन हजार पुस्तकं लागली. मागच्या खोलीत साठ खणांचं लाकडी कपाट, प्रत्येक खणावर बाईंच्या हातची पट्टी, आणि एका निळ्या वहीत एकशे बेचाळीस नावं. या खोलीत वर्षाला तीन वाचक येत. त्यातला एक पंखा चांगला म्हणून येई.

बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांची इच्छा एकच होती. हे शब्द त्यांनी फक्त पाहिले होते, कधी ऐकले नव्हते. एकदा, फक्त एकदा, ज्याची ही भाषा आहे अशा माणसासमोर उभं राहून ते म्हणायचे, आणि त्यानं ऐकायचं. बरोबर म्हणो, चूक म्हणो, पण ऐकायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

त्या खोलीत बाईंचा एक कायदा होता. प्रत्येक खणातली कार्डं पितळी सळईत ओवलेली असत, आणि सळई काढून एखादं कार्ड बाहेर न्यायचं तर त्याच्या जागी लाल चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठीवर तीन रकाने: कोणी नेलं, केव्हा नेलं, कशासाठी. तिसऱ्या रकान्यावर बाईंचा विशेष डोळा. आताच्या ग्रंथपालांनी, म्हणजे साहेबांनी, एकदा तिथे ‘कामासाठी’ लिहिलं, तर बाईंनी चिठ्ठी परत नेऊन दिली. ग्रंथालयात माणूस कामासाठीच येतो, कारण लिहा, म्हणाल्या. साहेबांनी मुकाट्यानं लिहिलं.

आणि मग डिप्लोमा आली.

ती सदतीस वर्षांची, सडपातळ, पायात आवाज न करणाऱ्या चपला. तिच्याकडे डच भाषेचा डिप्लोमा होता म्हणून ती डच विभागाची प्रमुख म्हणून नेमली गेली आणि त्याच नावानं ओळखली जाऊ लागली. पहिल्याच दिवशी ती कपाटासमोर उभी राहिली आणि खणांवरच्या पट्ट्या मोठ्यानं वाचू लागली. बाई टेबलाशी बसून ऐकत होत्या. ज्याला त्या एकोणीस वर्षं गेनेसकुंडे म्हणत आल्या होत्या त्याला ही घसा खाकरल्यासारखा आवाज काढून खेनेस्कुंदं म्हणाली. शेइकुंडेचं स्खेइकुंदं झालं. इतिहासाच्या नावात तर ती दोनदा खाकरली. घरातल्या मुलांना शेजारणीनं येऊन वेगळ्याच नावांनी हाका माराव्या आणि मुलांनी ओ द्यावी, तसं बाईंना झालं.

वाचून झाल्यावर डिप्लोमानं विचारलं, ताई, हे सगळं तुम्ही एकट्यांनी केलंत? प्रश्न साधा होता, त्यात कौतुकही असेल. पण बाईंच्या कानाला ते ‘म्हणूनच असं झालंय’ असं ऐकू आलं. त्या म्हणाल्या, तुमच्यासाठी कोणी थांबलं नव्हतं.

हेव्याचं असं आहे की तो चोरून येत नाही, ताटावर येऊन बसतो. बाईंच्या घशाखाली घास उतरेना. नवऱ्याजवळ रोज संध्याकाळी गाऱ्हाणं. ती फोनवर कोणाशी तरी डचमध्ये बोलते आणि हसते. भाषेत हसता येणं म्हणजे काय हो, ते काय शिकवतात का? साहेब आता प्रत्येक पत्र तिच्याच टेबलावर ठेवतात. मी एकोणीस वर्षं खपले आणि ही आयत्या बिळावर नागोबा. ‘मला अगं-तुगं करा’ म्हणते, मी मुद्दाम ‘अहो’ म्हणते. नवरा स्क्रू ड्रायव्हर पुसत ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, तिनं सहा वर्षं बंदरावरच्या कचेरीत नोकरी करून संध्याकाळचे वर्ग केले म्हणतात, तुमचा शिपाईच सांगत होता. बाईंनी कानांवर हात ठेवले. ज्याचा हेवा करायचा त्याची हकीकत ऐकू नये, एवढं त्यांना कळत होतं.

त्यात डिप्लोमानं आपला शब्दकोश आणला. अख्खा. शेवटच्या पानापर्यंत. ती जेवायला गेली की बाई चोरासारख्या तिच्या टेबलाशी जाऊन एकेक शब्द तपासत. पुस्तकं उघडून काढलेले त्यांचे सतरा शब्द होते. सोळा बरोबर निघाले. बाईंची छाती चार बोटं वर आली. सतरावा चुकला. वापेनकुंडे. ढाली, तलवारी, सिंह पाहून बाईंनी ती चार पुस्तकं युद्धशास्त्रात लावली होती, आणि ते निघालं घराण्यांच्या मानचिन्हांचं शास्त्र. त्या धावत कपाटाशी गेल्या. चारही कार्डं आधीच योग्य खणात गेली होती. मागे लाल चिठ्ठी, तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, कारण ‘जागा बदल’. डिप्लोमा कोणाला काही बोलली नव्हती. बाईंना तेच लागलं. बोलली असती तर भांडता आलं असतं.

तरी चिठ्ठीकडे बघून त्यांना एक समाधान मिळालं. डिप्लोमाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय होते.

पावसाळा सरला आणि एक पत्र आलं. त्या डच प्राध्यापकांची नात या बाजूला येणार होती, आजोबांची पुस्तकं बघायला गुरुवारी एक तास ग्रंथालयात येणार होती. अक्षरबाईंनी एकोणीस वर्षं ज्या माणसाची वाट पाहिली ते माणूस स्वतःच्या पायांनी चालत येत होतं. त्या रात्री निळी वही उशाशी घेऊन झोपल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघींना बोलावलं आणि सांगितलं की पाहुण्यांना डिप्लोमा फिरवून दाखवेल.

“आणि बाई, तुम्हीही असा मागे,” साहेब म्हणाले. “खण-बिण काढायला.”

खण-बिण. साहेबांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण काही शब्द चाकूसारखे नसतात, काट्यासारखे असतात. दिवसभर कुठेही हात लावला तरी लागत राहतात. बाई खोलीत येऊन बसल्या. समोर डिप्लोमा एका कागदावर पाहुणीला काय काय दाखवायचं ते लिहीत होती. तिनं वर बघून विचारलं, ताई, आजोबांचा खगोलाचा खण शेवटी दाखवू की आधी? बाई म्हणाल्या, तुमचं तुम्ही ठरवा, मी खण-बिण काढेन.  डिप्लोमानं कागदाची घडी घातली.

बुधवारी दुपारी सगळे बैठकीला गेले होते. अक्षरबाई उठल्या आणि चव्वेचाळिसाव्या खणाशी गेल्या. हा खगोलशास्त्राचा खण, आणि सगळ्या कपाटात हाच एक हट्टी. याच्या सळईचा स्क्रू नुसता फिरवून सुटत नसे. तळव्यानं आत दाबायचं, अर्धा आटा उलटा द्यायचा, मग सोडायचा. ही खुबी साऱ्या ग्रंथालयात एकट्या बाईंना माहीत होती. त्यांनी सळई ओढली, स्टेरेनकुंडेची त्रेपन्न कार्डं बाहेर काढली, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत डब्याच्या खाली ठेवली. बाकीची कार्डं पुढे सारून सळई परत घातली. लाल चिठ्ठी ठेवली नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

बेत सोपा होता. उद्या डिप्लोमा तोऱ्यात खण उघडेल आणि नेमका आजोबांचाच विषय तिथे नसेल. ती गोंधळेल. खाकरून खाकरून घसा सुकेल, पण कार्ड सापडणार नाही. मग बाई पुढे होतील, म्हणतील की ती कार्डं नीट करायला माझ्याकडे आहेत, मीच दाखवते. आणि पाहुणी त्यांच्याकडे वळेल. यात कोणाचं काय बिघडत होतं? त्यांनी हा प्रश्न स्वतःला बसमध्ये चारदा विचारला. ज्याला उत्तर माहीत नसतं तो एकदाच विचारतो.

घरी नवऱ्यानं पिशवीतून डबा काढताना रुमाल पाहिला. बाई म्हणाल्या, कार्डं आहेत, कोपरे दुमडलेत, नीट करायला आणलीत. नवऱ्यानं एक कार्ड हातात घेतलं, चारही कोपरे बोटांनी चाचपले आणि परत ठेवलं. कोपरे सुरीसारखे सरळ होते. तो एवढंच म्हणाला की आपण गिऱ्हाइकाच्या मशीनचा साधा स्क्रू घरी आणला तरी मागे चिठ्ठी ठेवून येतो. बाईंनी त्या दिवशी लवकर आवरलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

गुरुवारी अकराला पाहुणी आली. साठीची, उंच, हातात काठी, गळ्यात चष्मा. डिप्लोमा तिच्याशी बोलायला लागली आणि खोली त्या भाषेनं भरून गेली. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दोन माणसं डच बोलताना ऐकली. त्यांना वाटलं होतं, आपल्याला निदान थोडं कळेल. एक अक्षर कळलं नाही. एकशे बेचाळीस शब्दांतला एखादा मध्येच ओळखीचा चेहरा दाखवून जाई, तोही खाकरत. डिप्लोमा कपाटं दाखवत होती, पाहुणी मान हलवत होती, मध्येच दोघी हसल्या. बाई भिंतीशी पिशवी छातीला धरून उभ्या. हसू नका, माझ्या खोलीत हसू नका, असं त्यांच्या मनात येत होतं. इतका राग त्यांना स्वतःच्या सासूचाही कधी आला नव्हता.

मग पाहुणीनं काहीतरी विचारलं आणि त्यात तो शब्द होता. स्टेरेकुंदं. डिप्लोमा चव्वेचाळिसाव्या खणाकडे वळली. बाईंनी मनातली वाक्यं एकदा घोकली. खण बाहेर आला.

आत लाल चिठ्ठी होती.

 चिठ्ठी बाईंनी ठेवली नव्हती, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण कोंबडीचे पाय त्यांनी चार हातांवरून ओळखले. डिप्लोमानं काल बैठकीनंतर उद्याची तयारी म्हणून एकेक खण बघितला असणार. चव्वेचाळिसाव्यात खगोलाची कार्डं नाहीत हे दिसलं असणार. आणि त्या खणाची सळई कोणाच्या हाताला सुटते, हे या खोलीतल्या भिंतींनाही ठाऊक होतं.

डिप्लोमानं चिठ्ठी उचलली, वाचल्यासारखी केली आणि पाहुणीला दोन वाक्यं सांगितली. पाहुणी वळली. सरळ अक्षरबाईंकडे बघू लागली, आणि तिनं काठी डाव्या हातात घेऊन उजवा हात पुढे केला.

“ताई, मी त्यांना सांगितलं की आजोबांच्या विषयाची कार्डं ज्यांनी लिहिली, त्यांच्याकडेच आहेत,” डिप्लोमा म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. “आणि त्या स्वतःच दाखवणार आहेत. काढा ना.”

बाईंनी पिशवीत हात घातला. डबा बाहेर काढावा लागला, तो साहेबांच्या हातात दिला. रुमाल सोडला. पहिल्या कार्डाच्या कोपऱ्यावर तेलाचा एक थेंब उतरला होता, रुपयाएवढा. पाहुणीला तो दिसला की नाही कोण जाणे. तिनं चष्मा लावला आणि कार्डावरचं अक्षर बघितलं. मग त्या अक्षरावरून, कागदाला न लावता, ओळीओळीनं बोट फिरवलं. बाईंच्या तोंडून निघून गेलं, “स्टेरेनकुंडे.”

पाहुणीनं वर बघितलं. बाईंनी पुन्हा म्हटलं. मग त्यांना थांबता येईना. त्रेचाळिसाव्या खणावर हात ठेवून म्हटलं, बेचाळिसाव्यावर हात ठेवून म्हटलं, मागे मागे जात राहिल्या. विस्कुंडे, नातूरकुंडे, शेइकुंडे, गेनेसकुंडे. घसा खाकरायचा नाही असं त्यांनी ठरवलं नव्हतं, पण जीभ एकोणीस वर्षांच्या वाटेनंच गेली. पाहुणी त्यांच्यामागून काठी टेकत येत होती आणि प्रत्येक शब्दामागून तोच शब्द हळूच म्हणत होती, तिच्या पद्धतीनं. सुधारत होती की नुसती साथ करत होती, ते सांगता येत नव्हतं. पहिल्या खणापाशी पोचेपर्यंत बाईंना दम लागला होता. पाहुणी हसली, डिप्लोमाकडे वळून काहीतरी लांबलचक बोलली.

“त्या म्हणतात,” डिप्लोमानं सांगितलं, “त्यांचे आजोबा म्हातारपणी हे शब्द असेच एकेक सुटे करून म्हणायचे. त्यांना त्यांचा आवाज आठवला.”

अक्षरबाईंचे डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी, डोळे भरलेले असतानाच, त्यांच्या मनात आलं: हे ती खरंच म्हणाली, की हिनं पदरचं घातलं? त्यांनी पाहुणीच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिथे हसू होतं. डिप्लोमाच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिथेही काही सापडेना. खरं-खोटं करायचं तर डच यायला हवं होतं. आयुष्यातला सगळ्यांत मोठा मान मिळाला, तोही हिच्या हातून घ्यायचा, आणि पारखूनही घेता येत नाही.

पाहुणी बारा वाजता गेली. जाताना तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. साहेब फार खूश होते. दारापर्यंत पोचवून परत आले आणि म्हणाले, बाई, कमाल केलीत, अगदी खण-बिण सगळं तोंडपाठ. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या हातात अजून डबा आहे, तो त्यांनी टेबलावर ठेवला.

डिप्लोमा जेवायला गेली. जाण्यापूर्वी काही बोलेल म्हणून बाई वाट बघत होत्या. एक टोमणा तरी मारेल, निदान बघेल तरी. ती म्हणाली, ताई, जेवून घ्या, उशीर झाला. आणि त्या आवाज न करणाऱ्या चपलांनी निघून गेली.

खोलीत एकट्या उरल्यावर अक्षरबाईंनी कार्डं लावायला घेतली. तळव्यानं दाबून अर्धा आटा उलटा दिला, सळई सोडली, त्रेपन्न कार्डं जागच्या जागी ओवली. तेलाचा डाग पडलेलं कार्ड नवीन लिहायला बाजूला काढलं. हात काम करत होते आणि मनात एकच जळत होतं. भाषा तिला येते, पद तिला मिळालं, शब्दकोश तिचा अख्खा, हसता तिला येतं. एवढं सगळं तिचं होतं तेव्हा बाईंना एक आधार होता, की मन तरी आपलं मोठं आहे, आपण झिजलो, आपण सोसलं. आज तेही तिनं नेलं. तिच्या जागी बाई असत्या आणि असली चोरी त्यांना कळली असती, तर त्यांनी काय केलं असतं? चारचौघांत पिशवी उघडायला लावली असती. हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून जास्त जळत होतं. आता तिच्या चांगुलपणाचासुद्धा हेवा वाटत होता, आणि त्याला कुठे औषध नव्हतं. एवढी शास्त्रं त्या लोकांनी काढली, पण याचं कुंडे काही त्या एकेचाळीस खोक्यांत आलं नव्हतं.

शेवटी हातात लाल चिठ्ठी राहिली. कार्डं परत आली की चिठ्ठी पुरी करून डिप्लोमाच्या ट्रेमध्ये टाकायची, शुक्रवारी ती सगळ्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवायची. बाईंनी चिठ्ठी उजेडात धरली. कोणी नेलं: अक्षरबाई. केव्हा नेलं: बुधवार, दुपारी. तिसरा रकाना कोरा होता.

डिप्लोमा तो विसरली असेल हे शक्य नव्हतं. तिनं आल्या आल्या पहिल्या आठवड्यात एकदा तो कोरा सोडला होता, तेव्हा बाईंनी शिपायासमोर तिला सुनावलं होतं की या खोलीत कारणाशिवाय पान हलत नाही. त्यानंतर तिनं एकदाही सोडला नव्हता. तिथे ‘दुरुस्ती’ लिहिणं सोपं होतं. तिनंच लिहिलं असतं तरी चाललं असतं, आणि बाईंनी लिहिलं तरी कोणी विचारायला येणार नव्हतं.

बाई खुर्चीवर बसल्या. चष्मा पुसला. कार्डं लिहायचा टाक काढला, निब कागदाच्या तुकड्यावर टेकवून बघितली. एकतीस वर्षांत त्यांनी कोणाचाही तिसरा रकाना खोटा चालवून घेतला नव्हता, साहेबांचासुद्धा नाही. मग त्यांनी तिथे सावकाश, मात्रा नीट देऊन, एकच शब्द लिहिला: हेवा.

अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं होतं. शाई वाळेपर्यंत त्या थांबल्या, चिठ्ठी डिप्लोमाच्या ट्रेमध्ये सगळ्यांत वर ठेवली, आणि डबा उघडून जेवायला बसल्या.